काळी घोडी आणू नये

पाडव्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, चिखलीत शब्बीरभाईंच्या तबेल्यासमोरच्या निंबाखाली दोन घोड्यांचे अकरा हजार रुपये ठरले. इसार म्हणून तीन हजार दिले. हजर आम्ही तिघे होतो: घोडीवाले शब्बीरभाई, माझी मुलगी मुक्ता आणि मी. माझे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, ते हजर नव्हते. ते शेतात असतील अशीच वेळ मी निवडली होती.

मुक्ता चोवीस वर्षांची आहे. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं आणि आदल्या संध्याकाळी ती घोडीवर बसून गावच्या मारुतीला जाणार होती. पूर्वी हा मान फक्त नवरदेवाचा. आता अमडापूरच्या बाजूला आमच्यासारख्या लहान गावांतही नवऱ्या मुली घोडीवर बसतात, बायका दारात येऊन पाहतात, मोबाईल वर धरतात. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला भीती वाटत होती आणि ती भीती सतरा वर्षं जुनी होती.

लग्नसराई लागली की माझं असंच होतं. उन्हाळा इतरांना आंब्यांनी कळतो, कूलरच्या ओल्या वाळ्यानं कळतो. मला तो संदलनं कळतो. संदल म्हणजे आमच्याकडच्या वरातीत वाजणारी ढोल-ताशांची फळी. लांबून पहिला ठोका आला की माझा डावा हात गार पडतो. डावाच. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे हे तपासून पाहिलं आहे. उजव्याला काही होत नाही. वर्गात असलो तर खिडक्या लावून घेतो. पोरं म्हणतात, सर, गरम होऊन राह्यलं. मी म्हणतो, होऊ द्या.

सतरा वर्षांपूर्वीच्या वैशाखात अण्णांच्या मुलाचं, विलासचं लग्न होतं. घोडीचं ठरवायला शब्बीरभाई आमच्या ओट्यावर आले होते. तेव्हा ते पस्तिशीचे असतील. पायजम्याला घोड्याचे पांढरे केस चिकटलेले आणि अंगाला तो वास, चामडं, घाम आणि ओला कडबा यांचा. मी लिहायला बसलो होतो, कारण घरातले सगळे कागद मीच लिहितो.

"चांदनीचे अठराशे," शब्बीरभाई म्हणाले. "कोयल संगं येईन. तिचे काही नाई."

"कोयल कोन?" वहिनींनी आतून विचारलं.

"काळी आहे, म्हातारी आहे. चांदनी तिच्याबिगर पाय नाई उचलत."

"काळी नोका आणू बाप्पा. लग्नाचं काम आहे."

विलासचं म्हणणं वेगळं होतं. त्याला व्हिडिओत पांढरी जोडी हवी होती, एक त्याच्यासाठी आणि एक पुढं नुसती सजवलेली. शब्बीरभाईंनी मान हलवली. "सर, पांढऱ्याशी चांदनीचं जमत नाई."

"ती सोताच पांढरी आहे ना," मी म्हणालो.

"हे तिले कुठं माहीत आहे? तिनं काय आरसा पाह्यला?"

सगळे हसले. मीही हसलो आणि वर म्हणालो, "तिले मारुतीपर्यंत जायचं आहे शब्बीरभाई, संसार थोडाच मांडायचा आहे." पुन्हा हशा झाला. मला वाटलं, दुसरा घोडा शोधायचा त्रास नको म्हणून हा माणूस कहाणी सांगतोय. घासाघिशीत माणसं अशाच कहाण्या सांगतात. मी चौकटीच्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: दोन्ही जनावरं पांढरी असावीत. काळी घोडी मिरवणुकीत आणू नये. शब्बीरभाईंनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "लिहून घेता त घ्या." आणि सही केली. चिठ्ठी माझ्या खिशात राहिली.

आमच्याकडे नवरदेवाच्या पुढ्यात घोडीवर एक लहान मूल बसवतात. त्या दिवशी मुक्ता बसली. सात वर्षांची, हिरवा परकर, पायात नवे पैंजण. तिला उचलून मीच वर ठेवलं होतं आणि तिचा एक पाय डाव्या हातात धरून बाजूनं चालत होतो. पाच वाजले होते, उन्हं उतरत होती तरी धूळ तापलेली होती. दुसरा घोडा शब्बीरभाईंनी नांदुऱ्याहून भाड्यानं आणला होता. उंच, मारवाडी, आत वळलेल्या कानांचा, दुधासारखा. तो पुढं दूर होता तोवर चांदनी चालली. मधून मधून थांबायची, मागं वळून पाहायची, पुन्हा चालायची. मी शब्बीरभाईंना विचारलं, ही मागं काय पाहते? त्यांनी लगाम आखूड धरला.

मारुतीच्या देवळाआधी एक वळण आहे, तिथं गल्ली बोळ होते. व्हिडिओवाल्यानं हात केला, जोडी एकत्र घ्या. नांदुऱ्याचा घोडा मागं आणून चांदनीच्या अंगाला लावला. संदल तिथंच, भिंतींच्या मधे, चढत्या लयीला लागली. मी चांदनीचे कान पाहिले. ते मानेला चिकटले होते. माझ्या हातातल्या पावलाखाली घोडीची बरगडी थरथरत होती, आणि मला कळलं की काहीतरी होणार आहे, आणि मी तिला खाली घेतलं नाही की ओरडलोही नाही. त्या क्षणाला मी अजूनही घाबरतो. जे झालं त्याला नव्हे, जे होणार हे कळूनही मी नुसता उभा होतो त्याला.

चांदनी किंचाळली. घोडा इतका बारीक आवाज काढतो हे मला माहीत नव्हतं. तिनं त्या पांढऱ्याच्या मानेला तोंड घातलं, गर्रकन फिरली, मागच्या दोन्ही पायांनी लाथा हाणल्या. विलास ढोलवाल्यांच्या अंगावर पडला. दोन घरांच्या मधून शेताकडे वाट जाते, ती तिथून उधळली. मुक्ता वरच होती. माझ्या डाव्या हातात एक पैंजण राहिलं.

मी धावलो. समोर कापलेल्या गव्हाचं रान, त्याच्या टोकाला बिनकठड्याची विहीर. घोडी सरळ तिकडेच चालली होती, हिरवा परकर वर उडत होता. त्याच वेळी मला दिसलं की शब्बीरभाई उलट्या दिशेनं पळताहेत. मनात आलं, पळाला हरामखोर. ते शाळेच्या मागं गेले आणि एका काळ्या घोडीला ओढत बाहेर आले. चिठ्ठीवर सही करूनही त्यांनी कोयलला आणलं होतं, टेम्पोतून, आणि शाळेमागं बांधून ठेवलं होतं. ती म्हातारी घोडी रानाच्या कडेला उभी राहिली आणि एकदाच खिंकाळली.

चांदनी थांबली. लगेच नाही. आधी धाव मोडली, मग एक मोठा वळसा घेतला, मग दुडक्या चालीनं परत आली आणि कोयलच्या खांद्यावर तोंड टेकवून उभी राहिली. मुक्ता तिच्या मानेवर पालथी पडली होती. आयाळ दोन्ही मुठींत धरलेली. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात जाऊन पावलं मोजली. घोडी जिथून वळली तिथपासून विहिरीपर्यंत सव्वीस. माझी सव्वीस, घोडीची किती, ते मला काढता आलं नाही.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, माणसं रानात गोळा झाली. त्यांनी काय पाहिलं? उधळलेली पांढरी घोडी आणि तिच्याजवळ उभी असलेली काळी. अण्णा पुढं झाले आणि त्यांनी शब्बीरभाईंच्या कानाखाली वाजवली. "काळी आणू नोको म्हणून सांगतलं होतं का नव्हतं? तिले पाहूनच बिथरली ना." शब्बीरभाईंनी गालावर हातसुद्धा नेला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी बोललो असतो तर सांगावं लागलं असतं की या माणसानं आधीच सांगितलं होतं, दोनदा. आणि हसून विषय मी संपवला होता. भोवती तीस-चाळीस माणसं तापलेली होती. मला त्यांची भीती वाटली, वहिनींची वाटली, मुक्ताच्या आईची सगळ्यात जास्त वाटली. मी मुलीला उचललं आणि घरी निघालो.

गावात गोष्ट तशीच रुजली. काळ्या घोडीनं पोरगी पळवली. वरातीच्या वाटेत काळं कुत्रं दिसलं तरी आमच्या गल्लीत अजून दगड उचलतात. मुक्ता हीच गोष्ट ऐकत मोठी झाली, आणि माझ्यासमोर कुणी ती सांगितली की मी पाणी प्यायला आत जातो.

राहिलेले पैसे मी नवव्या दिवशी चिखलीला जाऊन दिले. अण्णांना सांगितलं नाही. शब्बीरभाईंनी पैसे घेतले, चहा सांगितला. मी विचारलं, असं का झालं? त्यांनी चांदनीच्या पाठीवरची झूल सारली आणि तीन जुने व्रण दाखवले. ती दीड महिन्याची असताना तिची आई मेली. तेव्हाच्या मालकाकडे चार पांढऱ्या घोड्या होत्या, वरातीच्याच. त्या तिला गव्हाणीजवळ येऊ देत नसत, चावत. कोयलचं शिंगरू नुकतंच गेलं होतं. तिनं हिला अंगाखाली घेतलं, दूध दिलं. "आता तुम्हीच सांगा सर, हिनं कोनाले आपलं म्हनावं?"

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागं लागला आहे. घोड्याला दुसऱ्या घोड्याचा रंग आवडतो किंवा नावडतो का? मी भित्रा माणूस आहे, आणि भित्रा माणूस ज्याला भितो त्याच्याकडे सारखं पाहत राहतो. दर लग्नसराईत कामानिमित्त चिखलीला गेलो की मी त्या तबेल्यापाशी थांबायचो. रस्त्याच्या पलीकडून, अंतर ठेवून. कोणती घोडी कोणाजवळ उभी आहे, कोण कोणाची मान खाजवते, कोण कान पाडते, हे मोजायचो. काही वर्षं वहीत लिहिलंही. मग माझ्या ध्यानात आलं की या मोजणीला अर्थ नाही. कोणी कोणाजवळ उभं राहायचं हे घोड्या ठरवतच नाहीत. खुंट माणसानं ठोकलेला असतो.

लोकांचं उत्तर तयार असतं. कोणी म्हणतं, चांदनी काठेवाडी, तो मारवाडी, त्यांचं मुळातच पटत नाही. मी हे शब्बीरभाईंना एकदा विचारलं. ते म्हणाले, "जात मानूस विचारते, भाव ठरवाले. घोडं वास घेते, बस." पण मी त्या संध्याकाळचा हिशेब मांडतो तेव्हा तो सुटत नाही. नांदुऱ्याचा घोडा पांढरा होता, वेगळ्या जातीचा होता, अनोळखी होता, आणि संदल कानाशी होती. चार कारणं एका क्षणात आली. त्यातलं कोणतं खरं, हे सांगायला तीच संध्याकाळ आणखी तीन वेळा घडवून पाहावी लागेल. ते मला स्वप्नातही नको आहे. स्वप्नात येतं.

कोयल पुढं तीन वर्षांनी मेली. चांदनीनं पाच दिवस दाण्याला तोंड लावलं नाही. मग तिनं एका बदामी घोडीशी सूत जमवलं. मला बरं वाटलं. म्हणजे रंगाचा प्रश्न नव्हता, कोयल नावाच्या एका घोडीचा होता, असा मी निकाल लावून टाकला. पण शब्बीरभाईंनी सांगितलं की मधल्या त्या पाच दिवसांत ती दावं तोडून शेजाऱ्याच्या म्हशीजवळ जाऊन उभी राहायची. म्हैस काळीच. म्हशीनं शेपटीनं फटके मारले तरी हलायची नाही. त्यामुळं रंगाचा काही संबंध नाही असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एवढंच म्हणता येतं की ज्यांनी हाकललं त्यांचा रंग तिनं लक्षात ठेवला आणि जिनं पोटाशी घेतलं तिचाही. स्वतःचा रंग मात्र तिला शेवटपर्यंत कळला नसावा. चांदनी जाऊनही आता आठ वर्षं झाली.

तर पाडव्यानंतरच्या त्या सोमवारी मुक्ता सरळ तबेल्यात शिरली. मी निंबाखालीच उभा राहिलो. आत दोन घोड्या होत्या, एक पांढरी आणि एक तांबडी. मुक्तानं तांबडीच्या नाकापुढं तळहात धरला. घोडीनं फुरफुर केलं आणि मी एक पाऊल मागं सरलो.

"हिचं अन् पांढरीचं पटते काय चाचा?" तिनं विचारलं.

"एका गव्हाणीत खातात बेटा. भांडतात बी. पन एक बाहेर नेली त दुसरी वरडते."

"मग दोघी आणा. मी तांबडीवर बसते. हिचे डोळे थंडे आहेत."

शब्बीरभाई माझ्याकडे वळले. दाढी पांढरी झाली आहे, एक गुडघा वाकत नाही. "घोड्या येतीन सर. घेऊन जावई येईन. तुमच्या गावात मी नाई येत, तुमाले माहीत आहे."

"तुमीच या," मुक्ता म्हणाली. "मले दुसऱ्या कोनाचा भरोसा नाई."

शब्बीरभाई तिच्याजवळ आले. "तुले आठवते काय काही?"

"आयाळ आठवते. गरम होती."

परतताना रसवंतीवर थांबलो. उसाच्या चरकाला घुंगरू बांधले होते. त्यांचा आवाज मला सहन होईना. मुक्तानं विचारलं, "बाबा, तुम्ही काऊन भेता एवढे? आता कुठं काळी आहे तिथं?" तेव्हा मी सांगितलं. चिठ्ठी, हसणं, शाळेमागची कोयल, सव्वीस पावलं, सगळं. तिनं ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे काळी नंतर आली? तिच्यामुळं मी वाचली?"

"हो."

"मग गावात उलटं काऊन सांगतात?"

"मी सांगू दिलं."

 मला वाटलं रागावेल. तिनं विचारलं, "मोठ्या बाबाले माहीत आहे?" मोठे बाबा म्हणजे अण्णा. मी नाही म्हटलं. "मग चाचा येतीन तवा मोठे बाबा त्यायच्याशी कसे वागतीन?"

मी रसाचे पैसे दिले. पुढचे चौतीस दिवस मी दोन भीती घेऊन फिरलो. घोडी उधळली तर, ही एक. अण्णा पुन्हा काही बोलले तर, ही दुसरी. आणि दुसरीवर उपाय माझ्या हातात होता, म्हणून ती जास्त वाईट होती. रोज संध्याकाळी अण्णांच्या ओट्यापर्यंत जायचो. मांडवाचं, आचाऱ्याचं, पाण्याच्या टँकरचं बोलायचो आणि परत यायचो.

शब्बीरभाई आले. स्वतः. संदल लागली आणि माझा हात गार पडला. मुक्ता तांबडीवर, पांढरी तिच्या उजव्या अंगाला मोकळी, शब्बीरभाई लंगडत पुढं. मी मुक्ताचं पाऊल डाव्या हातात धरलं. ती खाली वाकून म्हणाली, "बाबा, हळू धरा, दुखते." मी हळू धरलं नाही. चालताना माझं लक्ष फक्त कानांवर होतं, दोन तांबडे आणि दोन पांढरे. बोळातल्या वळणावर पांढरी पुढं झाली, तांबडीनं तिच्याकडे तोंड वळवलं.  तिनं पांढरीच्या मानेवरची झेंडूची माळ ओढली आणि खायला लागली. बाया हसल्या.  

देवळापाशी संदल थांबली. पायरीवर अण्णा उभे होते, त्र्याहत्तर वर्षांचे, नवी टोपी घातलेले. त्यांनी शब्बीरभाईंना पाहिलं आणि दुसरीकडे मान फिरवली. मला म्हणाले, "बरं झालं या वर्षी काळी नाई आणली यानं. सुधरला म्हनायचा."

शब्बीरभाई लगाम धरून तिथंच उभे होते, चार हातांवर. मुक्ता घोडीवरून माझ्याकडे पाहत होती.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या वर्षी काळी नंतर आली. पांढरा घोडा लावल्यावर चांदनी बिथरली. काळीले पाहून ती थांबली, नाईतर मुक्ता विहिरीत असती. यानं मले आधीच सांगतलं होतं. मीच नाई ऐकलं. काळी आणू नये म्हणून मीच लिहून घेतलं होतं."

आवाज माझा मलाच मोठा वाटला. वाजंत्री थांबलेली असल्यामुळे तो सगळ्यांना गेला. अण्णा माझ्याकडे वळले.

"तुले कवापासून माहीत आहे हे?"

"तवापासूनच."

"अन् मी त्या मानसाले सगळ्यायसमोर मारलं, तवा तू उभा होता."

"हो."

"मास्तर आहेस बे तू," अण्णा म्हणाले. एवढंच म्हणाले. मग विचारलं, "याचे किती राह्यले?"

"आठ हजार. माझ्याजवळ आहेत."

"राहू दे तुझ्याजवळ."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून लग्नखर्चाची गड्डी काढली. बोटं थुंकीनं ओली करून पाचशेच्या सोळा नोटा मोजल्या, चुकले, पुन्हा मोजल्या. टोपी काढून काखेत धरली. मग एकेक पायरी उतरून खाली आले आणि राहिलेले आठ हजार रुपये दोन्ही हातांनी शब्बीरभाईंना दिले.